फुगा खाली ठेवावा

२ ऑगस्ट
'झाशीतल्या मराठी मंडळींनो, आपली मुलं आपल्याला मराठीत उत्तर देत नाहीत. हे दुःख तुमचं-माझं एकच.' गणपतीतल्या प्रकाशनाच्या भाषणाची सुरुवात. पुढे दोन पानं झाली. हात थांबत नव्हता.
पुस्तक मुक्ताचं, धाकट्या भावाच्या मुलीचं. चित्रकादंबरी. लक्ष्मी गेटच्या खोलीत चार वर्षं वाकून काढली. आमच्यासारख्या एका घराच्या सात पिढ्या. चित्रं तिची, शब्द माझे.

५ ऑगस्ट
छपाईआधीचा नमुना आला. खोटं कशाला लिहू, बघतच राहिलो. शेवटी चार पानं उलगडतात आणि एकच पंगत पसरते. सात पिढ्या एका रांगेत. पगड्या जातात, पितळेचं स्टील होतं, उन्हाचा एकच पट्टा सगळ्यांच्या ताटांवरून. टोकाला आजचा तरुण. त्याच्या तोंडी माझं मराठीवरचं भाषण यायचं होतं, चाळीस वर्षांचं सार. तिथे संवादाचा भलामोठा फुगा. कोरा.
फोन केला. मु. म्हणाली, "काका, तुम्हीच समासात लिहिलंत, फुगा खाली ठेवावा."
मी म्हटलं होतं चित्राच्या तळाशी. ती हिंदीत समजली: रिकामा. मराठी पुस्तक काढणारी मुलगी!
भाषण घाल म्हटलं. तिला आता पान असंच हवंय. सोमवारी दुपारी छापायला जाणार, तोवर सांगा म्हणाली.

६ ऑगस्ट
मराठी मंडळाचे चिटणीस नाना आले. चाळून म्हणाले, वाचनालयाच्या बालविभागात ठेवू. अर्धा तास झाडलं त्यांना. डोळा कुठे थांबवायचा, कुठे पळवायचा, हेही लिहिणंच आहे, वगैरे. नानांनी शांतपणे चहा संपवला.
"मग हा रिकामा फुगा काय सांगतो, वक्ते?"
छपाईची चूक आहे, म्हणालो. एका वाक्यात मुक्ताला तोंडघशी पाडून मोकळा.

८ ऑगस्ट
विनयने पंगत जमिनीवर उलगडली. तिशीचा माझा मुलगा, माझं एक पुस्तक वाचलेलं नाही. गुडघ्यांवर सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. चहा निवला. तरुणापाशी थांबला. इथे मजकूर यायचाय, म्हणालो.
"नहीं बाबा. ये मैं हूँ."
मग हळूहळू सांगितलं. सात वर्षांचा होता, पंगतीत 'ताट वाढली' म्हणाला. मी सगळ्यांसमोर तीनदा 'ताट वाढलं' म्हणून घेतलं. "सब हँसे थे. उसके बाद घर में मराठी नहीं बोला मैं. आपने कभी पूछा?"
मला ती पंगत आठवत नाही. त्याला कोण कुठे बसलं होतं तेही आठवतं.

१० ऑगस्ट, सोमवार
साडेअकरा. मु.ला अजून कळवलं नाही. माझा मजकूर पुन्हा वाचला. एक वाक्य वाईट नाही, एक अनुस्वार चुकलेला नाही. तो तरुण असलं बोलेल कशाला? मु.ला फोन केला, फुगा कोराच राहू दे.
विनय सकाळपासून समोर आलेला नाही.
गणपतीच्या भाषणाची दोन्ही पानं फाडली. आता एवढंच: 'मंडळींनो, आज हे पुस्तक घरी न्या, ती पंगत मुलांपुढे उलगडा, आणि मुलं बोलेपर्यंत, कुठल्याही भाषेत, कितीही चुकत, तुम्ही तोंड उघडू नका.'