रविवारची साखर

४ मार्च
चि. बापूस, अनेक उत्तम आशीर्वाद.
तुझ्या बायकोने दिलेल्या आंबवलेल्या चहाच्या, त्या कोंबुचाच्या, सायीने माझ्या बरणीत चांगलंच बस्तान बसवलंय. चव विचारू नकोस! पण महिनाभर रोज अर्धा पेला घेतला आणि रक्तातली साखर उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुण चहाचा की बिस्किटं सोडल्याचा, कोण सांगणार? गोळ्या सोडू नका. साखर अशीच राहिली तर मोतीबिंदू काढू. बापू, सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते रे. शिवणाऱ्या बाईने हे किती दिवस सोसायचं?
घड्याळं दुरुस्त करणाऱ्यालाच पत्राला वेळ नाही, म्हणजे कमाल झाली! माया आहेच, ती कागदावरही उतरू दे.
आक्का

२५ मार्च
चि. बापूस, अ. उ. आ.
सगळ्यावर पाणी पडलं. रविवार आला की साखर भलतीच चढते. बाईंनी मोतीबिंदू पुढे ढकलला. रविवारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून उठल्याउठल्या बरणीतल्या सायीला लागणाऱ्या नव्या चहात साखर विरघळवते आणि मग साखर मोजायच्या यंत्रासाठी बोट टोचते, एवढाच काय तो फरक. आता पुन्हा चढली तर बरणी ओतून देणार आणि गोळी दुप्पट घेणार, कुणाला न विचारता.
आक्का

२८ मार्च
ती. आक्कास, सा. न. वि. वि.
गोळी वाढवलीस तर माझी शपथ! घड्याळ बिघडलं म्हणत कुणी आलं, की मी आधी विचारतो, हातात घालून काय काम करता? अगं, साखरेचं बोट तू फडक्याला पुसून मोकळी होतेस, लहानपणापासूनची खोड. यंत्र ती साखरही मोजतंय. साबणाने हात धू, कोरडे कर, मग टोच. बाईंनाही हे सांग.
माझी काळजी नको, कामाचा जोर आहे. लोभ आहे तसाच राहू दे.
बापू

२० एप्रिल
चि. बापूस, अ. उ. आ.
हात धुतले आणि रविवारची साखर इतर दिवसांसारखीच निघाली! बाई खूप हसल्या. मोतीबिंदू निघाला. काल स्वतः दोरा ओवला आणि वेड्यासारखी रडत बसले. चहा पिते अजून, गुण कुणाचा का असेना.
मग तुझं पत्र पुन्हा काढलं. आधी सगळं धूसर दिसायचं, म्हणून कळलंच नाही. बापू, तुझं अक्षर थरथरतंय. एवढीएवढीशी चाकं चिमट्यात कशी धरतोस रे? म्हणून का पत्रं लिहीत नाहीस?
शनिवारी यंत्र घेऊन येतेय, तुझीही साखर मोजू, मग दोघं बाईंकडे जाऊ. हात धुऊन बस.
तुझीच आक्का