माझी शंभर टक्के हिरवी तंबाखू

३ सप्टेंबर १९८४, गेंट
आजपासून रोज लिहायचं. पुढे इतिहासकारांना उपयोगी पडेल. ३१ डिसेंबरला माझं कंत्राट संपतंय. त्याआधी तंबाखूत आम्ही जुळवलेला जीन घालून दाखवला तर कायमची नोकरी, असं प्रोफेसर रोमबाउट तोंडावर म्हणाले. चार महिने! मला दोन पुरेत.

५ सप्टेंबर
पानाच्या टिकल्या कापून जीवाणूंच्या पाण्यात बुडवल्या. जीवाणू जीन पानात नेऊन सोडतो. मग टिकल्या कॅनामायसिन हे औषध घातलेल्या जेलीवर ठेवायच्या. जीन शिरला तर पेशी औषध पचवते, हिरवी राहते; नाहीतर पांढरी पडून मरते. पोरखेळ आहे.
गोदेलिव्हबाई, आमच्या बावीस वर्षं जुन्या टेक्निशियन, म्हणाल्या की जीवाणू न लावलेल्या चार टिकल्याही ठेवा, तुलनेला. म्हटलं, ज्याला स्वतःची खात्री नाही त्याने ठेवाव्यात.

२ ऑक्टोबर
सगळ्या पांढऱ्या. एकजात. म्हणजे जीन उत्तम, औषधच जहाल. बाई म्हणाल्या, शंभरात एखादी हिरवी निघते हो, परत लावा. बाईंचा स्वभावच रडका. औषध निम्मं केलं.

२६ ऑक्टोबर
काही फिकट हिरव्या. प्रगती! औषध अगदी नावापुरतं ठेवून नव्या शंभर लावल्या. बाईंनी तोंड वाकडं केलं. प्रोफेसरांच्या कानावर घातलं की बाईंचं कामात लक्ष नाही. त्यांना शेजारच्या टेबलावर हलवलं. मला वाईट वाटलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९
शंभरपैकी शंभर हिरव्या!! जगात कुणाला जमलेलं नाही. मार्लीनला फोन करून सांगितलं, नवा सोफा बघून ठेव. ती म्हणाली, आधी नोकरीचं पत्र दाखव. बायकोला विज्ञानातलं काय कळणार?

६ डिसेंबर, सिंटरक्लास
सणाचा मुहूर्त साधून केक आणला, सगळ्यांना बोलावून टिकल्यांच्या डिश मांडल्या. प्रोफेसर खूश. म्हणाले, जीवाणू न लावलेल्या टिकल्या कुठायत? मी केक कापत राहिलो.
गोदेलिव्हबाईंनी एक डिश पुढे केली. म्हणाल्या, यांचीच उरलेली जेली, त्याच दिवशी लावलेली. खिडकीतल्या कुंडीतल्या तंबाखूचं पान, जीवाणू दुरूनही न पाहिलेलं. म्हटलं प्रोफेसर विचारतील कधीतरी, म्हणून ठेवून दिली होती.
ती डिशही शंभर टक्के हिरवी.
प्रयोगशाळेतला लीव्हेन म्हणाला, मग त्या कुंडीलाही कायम करून टाका. सगळे हसले. प्रोफेसर केकच्या घासासकट हसले. बाईंनी शेजारच्या टेबलावर जीवाणू लावून पूर्ण औषधावर ठेवलेल्या डिशमध्ये एकच हिरवा कोंब होता. सगळे तिकडे गेले. केकही तिकडेच नेला.

१० डिसेंबर
विचार केला तर, औषधाशिवाय तंबाखू उत्तम वाढते हेही मीच सिद्ध केलं. निबंध लिहायला हवा. उद्या.

२१ डिसेंबर, दुपारी ४
प्रोफेसरांनी बोलावलं. कंत्राट वाढणार नाही. कोंबाचं काम बाई पुढे नेतील.
पण माझं काम वाया जाणार नाही म्हणे. माझ्या डिशचा मोठा फोटो काढलाय, दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दाखवणार. खाली माझं पूर्ण नाव. मी म्हटलं, हुद्दाही लिहा की. ते म्हणाले, दहा दिवसांसाठी कशाला?