सकाळी सहा ते सात

१२ जानेवारी
गेली! एक चाचणी हुकली. चाचणीसाठी कधी, कुठे सापडेन ते फॉर्मवर मीच लिहून दिलंय – रोज सकाळी सहा ते सात, गंगापूर रोडच्या घरी. डोपिंगवाले आले तेव्हा मी घरातच होते, आतल्या खोलीत ढाराढूर. आईने दारातच अहिराणीत सांगून टाकलं, मी घरी नाही म्हणून – 'पोर घर नही शे.' बिचारे तासभर थांबले. आईसाहेबांनी वर त्यांना चहा पाजला! मला म्हणते, 'काल सव्वाशे किलोमीटर सायकल चालवून आली तू. निजू द्यायचं नाय का? अन् परकी माणसं पोरीची लघवी मागतात, हे काय?'

वर्षात अशा तीन हुकल्या की बंदी. मग चार वेळा राष्ट्रीय विजेती असा, नाहीतर आणखी कोणी.

१३ जानेवारी
आईला देवासमोर बसवलं. दारात पुन्हा खोटं बोलणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. घेतली. मग दिवसभर भांडी आपटली.

२५ जानेवारी
नांदुरीच्या घाटात रिदा पुढे गेली. मालेगावची, एकोणीस वर्षांची. मागे वळून म्हणाली, 'दीदी, चलो ना.' हरण्याचं सोसलं असतं, ही दया सोसवेना.

मी बत्तीस. गुडघा कुरकुरतो. घरात बसवत नाही आणि सायकलवरही जीव लागत नाही.

६ फेब्रुवारी
मालिश करणारा दिनेश – 'ताई, एकच इंजेक्शन. सगळे घेतात.' हाकलून दिलं त्याला.

९ फेब्रुवारी
राष्ट्रीय स्पर्धेला बारा दिवस. आज घाटात रिदा चाळीस सेकंद पुढे. दिनेशला मीच फोन केला.

१० फेब्रुवारी
घेतलं.

११ फेब्रुवारी
पाय हलके. लाज वाटते – आणि पाय हलके! घाटात रिदाला मागे टाकलं. 'क्या बात है, दीदी!' अगदी मनापासून म्हणाली. तिच्याकडे बघवलं नाही.

दिनेश म्हणतो, चार दिवसांत अंगातून जातं. चारच दिवस काढायचेत.

१२ फेब्रुवारी
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. मी आईचा हात धरला. 'आजच्या दिवस सांग ना, नाहीये म्हणून. दुसरी हुकली तरी चालेल.'

आईने देवघराकडे बघितलं. मग हात सोडवून घेतला, पदर नीट केला आणि दार उघडलं.

'शे ना. घरमाच शे. या.'