लाहती पिस्तूल पुन्हा डेन्झिलच्या नावे

मी, तौनो वाइनो केम्पाइनेन, वय ब्याऐंशी, तांब्याच्या खाणीतला निवृत्त यंत्रदुरुस्ती कामगार, राहणार हॅनकॉक, मिशिगन, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि सकाळची कॉफी पिऊन झाल्यावर लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे. डोकं थकल्याचं जावई सोडून अजून कोणी म्हटलेलं नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. वर्षाच्या आत हे तिसरं, म्हणून वकील थेल्मा ओयालाबाई वैतागल्या आहेत. त्याचं कारण कलम चारमध्ये आहे.

कलम एक. राहतं घर आणि अंगणातली सौना, म्हणजे आम्हा फिनी लोकांची वाफेची न्हाणी, माझी मुलगी मार्लिस हिला मिळावी. सौनात जुन्या सायकली आणि खोकी भरून ठेवायची नाहीत. ती दर शनिवारी तापवावी.

कलम दोन. बँकेतली शिल्लकही मार्लिसची. त्यातून अंत्यविधीला आलेल्यांना भरपूर कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव द्यावा. पातळ कॉफी दिलीत तर मी उठून बसेन.

कलम तीन. बर्फ फेकायचं यंत्र शेजारी नॉर्बर्ट याला द्यावं. वीस वर्षं त्याने आपल्या दारातला बर्फ माझ्या वाटेवर लोटला. आता दोन्ही वाटा त्यानेच साफ कराव्यात, ही अट.

कलम चार. माझं लाहती पिस्तूल. फिनलंडच्या सैन्यासाठी बनलेलं, माझ्या आईबापांच्या मुलुखातलं. इश्पेमिंगच्या शस्त्रमेळ्यात मी ते एका म्हाताऱ्याकडून जुनंच घेतलं. बरोबर माझा मित्र डेन्झिल पेंगेली होता. तो आमच्या गावचा बंदूक दुरुस्त करणारा, जातीचा कॉर्निश, म्हणजे इंग्रज खाणकामगारांच्या वंशातला, आणि तोंडाचा फटकळ. पिस्तूल हातात येताच मी चापावर बोट ठेवलं, तसा तो सगळ्यांदेखत ओरडला, “अरे, आधी विचार! दुसऱ्याच्या बायकोला नाचायला नेताना विचारतोस ना?”

मी खजील होऊन म्हाताऱ्याला विचारलं, चाप ओढून पाहू का. म्हातारा हसला. “विचारलंत म्हणजे घेणारच तुम्ही,” म्हणाला. आणि मी घेतलंच.

ते ज्याच्याकडे जाईल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. तेल थेंबभरच लावावं. हात लागला की बोटांचे ठसे पुसावेत, नाहीतर तिथेच गंज धरतो. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडं ओल धरतं. आणि काहीही झालं तरी त्याला चकाकी आणू नये. गेल्या नाताळात जावई ग्रेग पॉलिशची डबी घेऊन आला आणि म्हणाला, “बाबा, आरशासारखं करून देतो!” मी त्याला डबीसकट बाहेर काढला. जुन्या पिस्तुलाचा विटलेला काळा रंग हेच त्याचं वय. तो खरवडला की संग्राहक त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ग्रेग मनाने चांगला आहे, पण पिस्तूल त्याला मिळू नये.

आता खरी गोष्ट. माझी बायको इल्मी ऑक्टोबरात गेली, त्याला बारा वर्षं होऊन गेली. नंतरच्याच आठवड्यात डेन्झिल “तेलपाणी करतो” म्हणून पिस्तूल घेऊन गेला आणि परत आणलं ते आतली पिन काढून. गोळीवर आघात करते ती बारीक पिन. तिच्याशिवाय पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड.

“तडकलीय,” तो म्हणाला. “फिनलंडहून मागवावी लागेल.”

“कधी येईल?”

“बर्फ वितळेपर्यंत.”

“टपाल काय घसरगाडीवरून येतं?”

“हो, आणि तुम्हा फिनी लोकांचं असल्यामुळे दर गावात कॉफीला थांबतं.”

मी भयंकर संतापलो. इतक्या वर्षांत त्या पिस्तुलाचा एकही भाग बदललेला नव्हता, आणि हा गडी त्यात नवी पिन घालणार! तरी तो दर शनिवारी त्याची बायको मर्टल हिने केलेल्या मांसबटाट्याच्या करंज्या घेऊन यायचा. सौनाची धग त्याला सोसत नसे, तरी लालबुंद होऊन माझ्याशेजारी बसायचा. एप्रिलमध्ये पिन आली. ती माझीच होती. तिच्या टोकावरचा ओरखडा मी झोपेतही ओळखेन.

“नवी पिन झकास आहे,” मी म्हणालो.

“फिनलंडचा माल,” तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात मला जगायचं नव्हतं. मार्लिस, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता वाचलंस तर रडू नकोस. मी जगलो आणि पुढची वर्षं चांगली गेली.

म्हणून गेल्या सप्टेंबरच्या पहिल्या मृत्युपत्रात मी पिस्तूल डेन्झिलला लिहून दिलं. नोव्हेंबरात त्याची मर्टल गेली. नाताळाआधी तो माझ्या दारात गाडी घेऊन आला. मागे घोंगड्यांत गुंडाळलेल्या त्याच्या सगळ्या बंदुका होत्या. “माझ्या तळघरात ओल आलीय, तुझ्याकडे ठेव,” म्हणाला. त्याचं तळघर खडखडीत कोरडं आहे, जिना मीच बसवला आहे. पण आमच्याकडे अशा वेळी उलट विचारत नाहीत. मी कपाट रिकामं केलं आणि किल्ली गळ्यात घातली.

मग मला घाम फुटला. मीच मेलो तर? बंदुका परत त्याच्या दारी, आणि वर मृत्युपत्राप्रमाणे माझं पिस्तूलही त्याच्याच हातात! जानेवारीत मी थेल्माबाईंकडे जाऊन त्याचं नाव खोडलं आणि बंदुका मार्लिसने सांभाळाव्यात असं लिहिलं.

“मित्राशी भांडलात का?” त्यांनी विचारलं.

“उलट आहे, बाई,” मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात मी डॉक्टरांची सगळी औषधं वेळेवर घेतली, मिठाला हात लावला नाही. दर शनिवारी डेन्झिलला ओढून आणला. करंज्या मी करायचो, त्या भिकार व्हायच्या, तो शिव्या घालत खायचा. मार्चपर्यंत तो शिव्याही घालत नव्हता, तेव्हा मी सर्वांत जास्त घाबरलो. एप्रिलअखेरीस एकदा त्याने करंजी ताटात आपटली. “हे पीठ आहे की गिलावा?” मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मे महिन्यात तो बंदुका न्यायला आला. या वेळी मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. सरळ विचारलं, “डेन्झिल, माझ्या मागे ते पिस्तूल तुझ्या नावावर ठेवू का?”

त्याने हातातली बंदूक गाडीत ठेवली. मग म्हणाला, “जानेवारीत विचारलं असतंस, तर हो म्हणालो असतो, आणि तू देऊ नकोस असं मनातून वाटलं असतं. आता ठेव. शनिवारी झाडायला नेईन.”

माझा जीव भांड्यात पडला. म्हणून सदर पिस्तूल, त्याच्या मूळ पिनसह, डेन्झिल पेंगेली यास द्यावं. त्याला इथे साक्षीदार म्हणून सही करायची होती. घेणाऱ्याने साक्ष द्यायची नसते, असं सांगून थेल्माबाईंनी त्याला बाहेर बसवलं आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे. आता मी केव्हाही मरायला मोकळा आहे. घाई मात्र नाही.

सही: तौनो वाइनो केम्पाइनेन

साक्षीदार १: थेल्मा ओयाला, वकील
साक्षीदार २: लॉयल बर्ग्स्ट्रॉम, पोस्टमन

हॅनकॉक, मिशिगन
दिनांक १४ जून २०११