एक नाजूक प्रश्न

इचिकावा, जपान,
१८ जून २०२५

प्रिय शमा,

तुझं पत्र पोचलं. आम्ही मजेत. उल्हास गर्दीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या झोपायला शिकलाय, आणि पार्थ सेंदाईला पीएचडी करतोय, म्हणजे आईचे फोन न उचलण्यात प्रावीण्य मिळवतोय. माझे गुडघे वयाला शोभतील असे.

तू तीन पानं इकडचं-तिकडचं लिहून शेवटी एकच विचारलंस: तसनीम या सुट्टीत इन्सियाला मुंबईला नेणार का? पोरगी सात वर्षांची झाली, तसनीमच्या सासूबाईंनी तिथे तिची खतना उरकून घ्यायचं ठरवलंय, आणि तसनीम, तुझी सख्खी भाची, सहा वर्षं तुझ्याशी बोलत नाही. म्हणून ही चौकशी माझ्यामार्फत, कारण मी तिच्या दोन गल्ल्या पलीकडे राहते.

उत्तर चांगलं आहे. पण क्रमानं सांगणार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तर हे पत्र.

तुमच्या संस्थेसाठी आमच्या मराठी मंडळानं आनंदमेळा भरवला. बैठकीत मी ‘खतना बंद व्हावी म्हणून काम करणारी संस्था’ एवढं म्हणाले आणि अध्यक्ष जगदीशरावांनी घाईघाईनं चहा मागवला. चहाअंती ठरलं की संस्था उत्तम, मदत अवश्य करायची, फक्त तो शब्द नको. “मेळ्यात लहान मुलं असतात हो, मंजूताई.” लहान मुलींना कापतात म्हणूनच तर मेळा, असं मी म्हणायला हवं होतं. मी चहा प्यायले. मराठी पोस्टरवर छापलं गेलं: ‘मुलींच्या आरोग्याच्या एका नाजूक प्रश्नासाठी.’

प्रश्न इतका नाजूक झाला की कुणाला कळेचना. दीप्तीनं रक्तवाढीसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले. अनघानं सॅनिटरी पॅडचे दोन खोके आणून ठेवले, त्यावर कुणीतरी लगेच टेबलक्लॉथ टाकला. एका काकांनी स्थूलपणावर भाषणाची तयारी केली होती, ते चिवड्याच्या स्टॉलपाशीच उभे राहून बोलले.

आता गंमत ऐक. हॉल मिळतो तो नगरपालिकेचा. त्यांचा नियम असा की कार्यक्रम कशासाठी आहे ते दाराबाहेरच्या पाटीवर जपानीत लिहायचं. ते काम स्वरूपाकडे गेलं. ती टोकियोत एका बँकेत भाषांतर करते. गोलमोल लिहिलं तर तिची नोकरी जाईल. तिनं सरळ लिहिलं: लहान मुलींचं जननेंद्रिय कापण्याची प्रथा बंद व्हावी यासाठी मदत. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत. शेजारच्या जपानी आजीबाई यायच्या, पाटी वाचायच्या, मदतीच्या पेटीत काहीतरी टाकून वाकून नमस्कार करायच्या. आमच्या मंडळींचं जपानी म्हणजे स्टेशनांची नावं आणि संध्याकाळी दुकानातल्या जेवणाच्या डब्यांवर लागणाऱ्या सवलतीच्या चिठ्ठ्या. ही मंडळी त्या पाटीखाली चपला काढून आत जात होती आणि प्रश्न काय असेल यावर कुजबुजत होती.

तसनीमला मी चकलीचं आमिष दाखवून बोलावलं होतं. ती आली, नवरा मुर्तझा आणि इन्सियाही आले. पोरगी कागदाच्या जाळीनं पाण्यातले रबरी चेंडू पकडायच्या खेळाकडे धावली. मुर्तझा दाराशीच थांबला. तो जपानी कंपनीत जपानीत मीटिंगा घेतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

त्यानं पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि भर दारात बायकोला तिचा अर्थ सांगितला. सगळ्यांना ऐकू गेला. मग म्हणाला, “हे आफ्रिकेत करतात ना?”

जगदीशरावांना हायसं वाटलं. “हो हो, आफ्रिकेतलंच,” ते म्हणाले.

शमा, मी तिथून दोन हात अंतरावर उभी होते. मंडळाच्या अंकात दर महिन्याला सगळ्या जगाची टर उडवणारी मी. हातात झारा होता. मी चकल्या तळत राहिले.

“आफ्रिकेतलं नाही, मुर्तझा,” तसनीम म्हणाली. “पुण्यातलं. माझं.”

ती आवाज न चढवता मराठीत बोलली, कारण आम्हालाही ऐकवायचं होतं तिला. तेव्हा ती सात वर्षांची होती. दोघी बायकांनी धरलं, तिसरीनं ब्लेड चालवलं. तुझ्या आईला हेच करायचंय माझ्या मुलीचं, ती म्हणाली. मुर्तझाला वाटायचं, आजी लोकांचा काहीतरी दुआ मागायचा कार्यक्रम असतो, पुरुषांनी विचारायचं नसतं. गडी मटकन खालीच बसला, चपलांच्या ढिगाशेजारी. मग उठला आणि इन्सियाच्या शेजारी जाऊन मेळा संपेपर्यंत चेंडू पकडत राहिला. एकही पकडता आला नाही त्याला.

मुंबईची तिकिटं त्यानंच रद्द केली. आईला फोनही त्यानंच केला. त्या बोलत नाहीत सध्या, पण त्यांना ऑक्टोबरात इकडे यायचं निमंत्रण दिलंय, आणि इन्सियाला एकटीला कुठेही सोडायचं नाही असं दोघांचं ठरलंय. जगदीशरावांनी पुढच्या वर्षी शब्द पोस्टरवर घालायचं कबूल केलं. लहान अक्षरांत का होईना.

एवढं लिहून मी पत्र बंद करणार होते. खरं तर दोनदा बंद केलं.

तसनीम त्या दिवशी आणखी एक बोलली. घरी सोडायला गेले तेव्हा, फक्त माझ्याशी. लहानपणी तिला त्या बायकांकडे नेलं ते कुठे जायचंय म्हणून सांगून, माहितेय? शमामासीकडे. तिनं त्यासाठी हट्टानं नवा फ्रॉक घातला होता. जिन्यावर पोचेपर्यंत ती तुझं नाव घेत होती. सहा वर्षांपूर्वी तू खतनेवर पेपरात लिहिलंस म्हणून ती तुझ्याशी बोलायची थांबली, असं तू समजतेस. तसं नाही. तू लिहिलंस तेव्हा तिला वाटलं, हिला सगळं ठाऊक होतं आणि तेव्हा ही आली नाही.

मी तिला म्हटलं, शमाला काहीही माहीत नव्हतं. ती म्हणाली, ते तिच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून तुझा नंबर दिलाय.

रडून घे, हवं तर मला शिव्या दे. मग डोळे पूस. पाच जुलैला, शनिवारी ती फोन करेल. आधी काही बोलणार नाही, नुसता श्वास ऐकू येईल. फोन ठेवू नकोस. तू बोल.

तुझीच,
मंजू