आभाळाची घडी

१४ तारीख, शनिवार
दुपार, भांडी घासून झाल्यावर

लाडक्या कॅप्टनबाईंना आजीचा कडक सलाम, आणि सलामाच्या आड लपवलेला एक पापा.

नाही गं, उडी मारताना डोळे मिटले नव्हते. तुझ्या पत्रातला पहिलाच प्रश्न तो, म्हणून आधी त्याचंच उत्तर. विमानाच्या दारात उभं राहिलं की वारा गाल असे मागे ओढतो की माणूस उगाचच हसल्यासारखा दिसतो. मग उडी शिकवणाऱ्या उस्तादाची पाठीवर थाप, आणि पायाखालचं विमान निघून जातं. पडल्यासारखं वाटतच नाही. जमीनच आपल्याला बघायला सावकाश वर येते. डोक्यावर पांढरं काहीतरी फडफडतं, दोर ताणतात, आणि एकदम सगळं गप्प. इतकं गप्प, की खाली कुठंतरी भुंकणारं कुत्रं ऐकू येतं. शेतं म्हणजे कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी. नदी म्हणजे शाळेतून येताना वेणीतून पडलेली रिबीन. आपल्याच पायांतले बूट दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात.

हे मला अजून स्वप्नात दिसतं. स्वप्नात उतरणं नाहीच. मी तरंगते, तुझे आजोबा खाली ट्रक घेऊन उभे, हात हलवतायत, आणि मी त्यांना म्हणते, थांबा हो, घाई काय आहे.

तू लिहितेस, तुमच्या केंद्राच्या फाटकाशी काळा दगड बसणार, त्यावर सैन्यातल्या बायकांची नावं, आणि सगळ्यात वर पहिल्या उडीवालीचं, म्हणजे माझं. कोरणारा महिनाअखेरीस येणार. त्याआधी तुला माझ्याकडून 'चार ओळी' पाहिजेत. चार ओळींत ही आजी मावत नाही हे ठाऊक असून मागतेस, म्हणजे कमाल आहे. तुझी आई म्हणाली, फोनवर सांगून टाक ना. पण फोनवर खोटं बोलणं फार सोपं जातं. कागदावर हात अडखळतो. म्हणून पत्र.

इकडचं सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांना दाद देत नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी गाणं शिकायला घेतलंय. आता गल्लीतली मांजरं दुसरीकडे राहायला गेली. तुझा वर्दीतला फोटो मी खिडकीत ठेवलाय. टपालवाला विचारतो, ही कोण? मी म्हणते, माझी साहेब. बिचारा तेव्हापासून पत्रं दारात टाकत नाही, हातात देतो.

आणि तुझी सुईआजी बरी आहे. खाली शिवणाच्या दुकानात अजून मशीन चालवते, पाय ओढत चालते आणि सगळ्या गल्लीला टोचून बोलते. तिचं हे नाव आमच्या घडीघरातलं. अंगानं सुई आणि जिभेनंही. मला भिंगरी म्हणायचे. तेव्हा होते मी भिंगरी, हसू नकोस.

घडीघर म्हणजे तळावरची लांबच लांब खोली. उंच खिडक्या, चौदा टेबलं, एकेक टेबल पंधरा पावलांचं. तिथं आम्ही पॅराशूटच्या घड्या घालायचो. आम्ही त्याला छत्रीच म्हणायचो. कापड इतकं पातळ, की हातात धरलं तरी पाण्यासारखं निसटायचं. सकाळचं ऊन आलं की चौदा टेबलांवर चौदा ढग आडवे पडलेत असं वाटायचं, आणि आम्ही त्या ढगांना समजावून सांगून एवढ्याशा थैलीत बसवायचो.

कागदावर आम्ही सैनिक नव्हतो. 'मदतनीस' होतो. वर्दी होती, टोपीवर बिल्ला नव्हता. आमच्या आधीच्या बायकांनी लढाईच्या आघाडीमागं जखमा बांधल्या, तारा जोडल्या, धुरातून ट्रक हाकले. त्याही मदतनीसच. सात इयत्ता गावच्या शाळेत शिकलेल्या मला एवढं कळत होतं, की मेल्यावर खड्डा सारखाच मिळतो, बिल्ला मात्र मिळत नाही.

काम कसं ते नीट ऐक, तुझ्या भाषणात घालता येईल. एक घडी घातली की ती उलटू नये म्हणून तिच्यावर वाळूची छोटी पिशवी ठेवायची. दर टेबलाला पाच पिशव्या. छत्री थैलीत भरून झाली की पाचही पिशव्या टेबलाच्या टोकाला खुंटीवर परत. खुंटीवर पाच दिसल्या, की मगच थैलीच्या खिशात आपल्या नंबराची चिठ्ठी सारायची. कारण पिशवी चुकून आत राहिली तर छत्री उघडताना अडकते, आणि वरच्या माणसाला दुसरी मागून घ्यायला वेळ नसतो.

चाळीसच्या पुढचे नंबर बायकांचे, माझा बेचाळीस. उड्या मारणारी पोरं चिठ्ठी बघायची आणि थैली बदलून मागायची. एक मिशीवाला मला म्हणाला, "बाईची घडी चादरीला ठीक."

मी म्हटलं, "मग चादर घेऊनच उडी मार की."

त्या दिवशी फार हसले सगळे, पण थैली त्यानं बदलूनच घेतली.

पुरुष घडीवाल्यांना नियम होता, सहा महिन्यांतून एकदा आपल्या घडीवर आपण उडी मारायची. आम्हाला माफ. मला ती माफी झोंबली. गेले तशीच मोठ्या साहेबांकडे. "साहेब, आमची घडी आमच्याच अंगावर तपासा." साहेब हसले. मी दर सोमवारी जात राहिले, ते दर सोमवारी थोडं कमी हसत गेले. शेवटी आम्हा सहा जणींना लाकडी मचाणावरून उड्या मारायला शिकवलं आणि पहिली कोण जाणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या. निघाली माझीच. सुई म्हणाली, "तोंड चालवलंस, आता पाय चालव."

उडीचं तर वर लिहिलंच आहे.

त्यानंतर थैल्या बदलून मागणं बंद झालं. मिशीवाला स्वतः येऊन म्हणाला, "बेचाळीस नंबरची आहे का एखादी?" वरून हुकूम आला, सिद्ध झालं, एक उडी पुरे, बाकीच्या बायकांनी पुन्हा घड्या घालाव्यात. त्या एका उडीवर पुढं कितीतरी वर्षं गेली. मग दारं एकेक करून उघडली, आणि आज तू. एकेचाळीस उड्या, हाताखाली एकशेवीस माणसं, टोपीवर बिल्ला. तुझा बिल्ला मी बोटानं चाचपून बघितला होता, तू झोपली होतीस तेव्हा. सांगितलं नव्हतं.

दगडाच्या समारंभाचं तुझं निमंत्रणाचं कार्ड आलं ते घेऊन मी सुईच्या दुकानात गेले. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं. माझ्या नावावरून बोट फिरवलं, कापडाची वीण बघतात तसं. मग कार्ड परत दिलं आणि म्हणाली, "कोणता रंग घालणार आहेस? निळा घाल, शोभेल. मी शिवते." आणि मशीन सुरू केलं. एरवी मला तासभर बोलणी बसली असती. त्या दिवशी नुसता मशीनचा आवाज.

निळा झगा शिवून आलाय. खुंटीवर आहे. माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवत नाही.

तुझे आजोबा तळावरचे ट्रकवाले, माहीत आहे तुला. उतरलेला माणूस आणि उतरलेली छत्री शेतातून आणणं हे त्यांचं काम. लग्नानंतर जन्मभर चारचौघांत सांगायचे, "माझी बायको आभाळातून पडलीय, म्हणून सरळ चालत नाही." मीही हसायचे. ते गेले त्या हिवाळ्यात, अंथरुणावरून एकदा म्हणाले, "थंडी वाढलीय. सुईचा घोटा ठणकत असेल. शेकायला सांग तिला."

मी म्हटलं, "जिन्यावरून पडलेल्या घोट्याचं तुम्हाला काय एवढं?"

"जिन्यावरून?" म्हणाले. "मीच बांधला ना तो, ट्रकमध्ये." आणि खिडकीकडे बघत राहिले, ढगांकडे. त्या माणसानं बावन्न वर्षं माझं खोटं वाहून नेलं आणि कधी जड आहे म्हणाले नाहीत.

कळलंच असेल तुला, तू काही मठ्ठ नाहीस. उडी सुईनं मारली. घडी माझी, डगला माझा, छातीवरचा नंबर माझा, आत ती. त्या सकाळी मी म्हटलं, मला ताप आहे. ती म्हणाली, "मग आता आजारी बायका म्हणून हसतील. दे तो डगला." डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा. उस्तादानं नंबर वाचला. चेहरा वाचला असेल तर दाखवलं नाही. त्याला उडी हवी होती. मी तिच्या टेबलाशी उभी राहून तिच्या वाट्याच्या घड्या घातल्या. घडीघरातल्या सगळ्या जणींना माहीत होतं, एकीनंही तोंड उघडलं नाही. कागदावर माझं नाव आधीच चढलं होतं. खरं सांगितलं असतं तर दोघींची नोकरी गेली असती आणि उडीही रद्द ठरली असती. सुईचा घोटा मुरगळलेला, पण कागदावर उडी तिची नाही म्हणून रजा नाही. दुसऱ्या दिवशी फडकं बांधून टेबलाशी उभी. तो घोटा कधी नीट बसलाच नाही.

कुत्रं, चादरी, रिबीन, सगळं तिचं. मी दर आठवड्याला चहा पिताना तिला म्हणायचे, आपली उडी सांग. ती सांगायची. ऐकता ऐकता माझ्या स्वप्नात कधी शिरली कळलं नाही.

दगडावर तिचं नाव घाल. पूर्ण नाव शेवटच्या पानामागं लिहिलंय, ठळक अक्षरांत. तुझ्या वरच्या साहेबांना काय सांगायचं ते तू बघ. हा कागद दाखवलास तरी चालेल. निळ्या झग्याला मी आत टाके मारून घेते, तिच्या मापाचा करते. लाज वाटली असेल तुला माझी, तर दोन दिवस वाटू दे.

इथं थांबणार होते. पण कागद अजून उरलाय.

ताप नव्हता. उडीच्या आदल्या संध्याकाळी चिठ्ठी खिशात सारून मी त्या उडीची थैली जमा केली, ती कुलपात गेली, आणि परत येऊन बघते तर खुंटीवर चार पिशव्या. टेबलाखाली रांगत शोधलं. पाचवी नाही. सांगितलं असतं तर थैली उघडली असती, आणि सगळा तळ म्हणाला असता, बघा, बाईची घडी. इतक्या सोमवारांचं पाणी झालं असतं. मी नाही सांगितलं. सकाळी डगल्याची बटणं लावताना सुईनं विचारलं, "घडी नीट आहे ना गं?" मी म्हटलं, "माझी आहे."

पाचवी पिशवी आठवड्यानं शेजारच्या टेबलाच्या खुंटीवर सापडली. तिथं सहा होत्या. जास्तीच्या कुणी मोजत नाही.

सुईला हे अजून माहीत नाही. हे पत्र पेटीत टाकून मी तशीच तिच्या दुकानात जाणार आहे, झगा घेऊन. ती वर गेली तेव्हा मी खिडकीतून आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं ती मरेल, आणि तरी मी तिला जाऊ दिलं.

तुझी,
जन्मभर जमिनीवरच राहिलेली
आजी