व्याह्यांचं हरीण

टिटवाळा (पूर्व)
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप त्र्यंबकदादास,

धाकट्या श्रीनिवासाचा साष्टांग नमस्कार (कमरेची सध्याची अवस्था बघता तो कागदावरच शक्य आहे, कारण पुढे येईलच). तुझा गुडघा, वहिनींची शुगर आणि तुमच्या कोलशेतच्या सोसायटीची लिफ्ट ही तिन्ही आता ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आम्ही उभयता बरे आहोत. म्हणजे प्रमोदिनी बरी आहे आणि मी तिच्या तोंडी आहे. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, आणि मी ओरडलो की प्रमोदिनीला ऐकू येतं. व्हॉट्सॲप तर ती माझ्या आधी वाचते. शिवाय तुझा फोन आला की ही पहिलं "कोण गेलं?" असंच विचारते, कारण आपल्या सगळ्या भाऊबंदांत कोण गेलं आणि कुणाचं सुतक कुणाला किती दिवस हे खातं वर्षानुवर्षं तुझ्याकडेच आहे.

तर मुद्दा असा, की पुढच्या महिन्यात मी अमेरिकेत हरणाची शिकार करायला जातो आहे. चष्मा पुसू नकोस, बरोबर वाचलंस.

आमच्या क्षिप्राचे सासरे, वॉल्टर, तुला आठवत असतीलच. कल्याणच्या हॉलवर लग्नात धोतर नेसून बसलेला तो सहा फुटी गोरा माणूस. भला माणूस हो! साखरपुड्याच्या आधी आपले कुणीतरी लांबचे चुलते गेले आणि तू दहा दिवसांचं सुतक सांगितलंस, तेव्हा बिचाऱ्याने एका शब्दाने कुरकुर न करता विमानाची तिकिटं पुढे ढकलली होती. वर मला मिठी मारून सांत्वन केलं. (मी त्या चुलत्यांना उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं, पण मिठीत असताना तसं सांगणं बरं दिसेना.) आता असा माणूस लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला, तर चार शब्द बोलायला नकोत का? ते माँटानात राहतात, तिथे हरणं आहेत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घराण्यातही शिकारीची परंपरा आहे.

दादा, तू आत्ता कपाळावर हात मारून घेतला असशील. आजोबा मुरबाडला मास्तर होते, रानडुक्कर मागे लागलं म्हणून आंब्यावर चढले आणि शाळेची पोरं हाका मारत आली तेव्हा उतरले, हे तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. पण इंग्रजीत सांगताना डुकराचा वाघ कधी झाला आणि आजोबांच्या हाती बंदूक कुठून आली, ते माझं मलाच कळलं नाही. वॉल्टर फार प्रभावित झाले. म्हणाले, मग या एकदा आमच्याकडे शिकारीला. मी म्हटलं, येऊ की, नक्की येऊ! आता तूच सांग, आपल्याकडे "नक्की येऊ" म्हणजे येणार नाही, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं. डोंबिवलीच्या साडूंना गेली कित्येक वर्षं मी नक्की येतो आहे. पण अमेरिकेत हे शिकवत नाहीत. वॉल्टरनी क्षिप्राकडून माझ्या पासपोर्टाचे तपशील घेऊन माझ्या नावाने हरणाच्या परवान्याचा अर्ज केला. तो परवाना तिथे सोडतीत लागतो, म्हाडाच्या घरासारखा. आणि म्हाडाच्या सोडतीत ज्याचा नंबर जन्मात लागला नाही, त्या तुझ्या भावाला पहिल्या फटक्यात हरीण लागलं!

नाही म्हणून मोकळं व्हायचं, असं तू म्हणशील. भीड भिकेची बहीण, हे तू मला लहानपणापासून ऐकवत आला आहेस. पण क्षिप्राचा फोन आला. म्हणाली, बाबा, त्यांनी झाडावर तुमच्यासाठी वेगळी बैठक ठोकली आहे, पाठीला टेकू लावलाय, वर तुमचं नाव कोरलंय. लेक सासरी, व्याह्याने पाट मांडून ठेवलेला, आणि आपण पानावरून उठायचं? मानापमानाची गोष्ट आहे ही. उद्या तिच्या घरात कोणी म्हणालं, तुझे वडील शब्दाचे कच्चे, तर ती कुणाकडे बघेल? तेव्हा मी तयारीला लागलो.

तयारी म्हणजे काय हे तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. शिकारीचे धडे मोबाइलवर फुकट मिळतात. पहिला धडा वासाचा. हरणाला माणसाचा वास मैलावरून येतो, म्हणून साबण, तेल, पावडर, बाम, सगळं बंद. मी अंगाला साबण लावणं थांबवलं. चौथ्या दिवशी प्रमोदिनीने माझं अंथरूण बाल्कनीत टाकलं आणि विचारलं, हरणाला वास येऊ नये म्हणून तो आम्हाला यावा का? (बाम बंद झाल्यामुळे कंबर धरली. साष्टांग नमस्काराचा खुलासा हा.)

दुसरा धडा कपड्यांचा. बाकीचे शिकारी आपल्याला हरीण समजून गोळी घालू नयेत म्हणून छातीपाठीवर भडक नारिंगी जाकीट घालायचं असतं. गंमत म्हणजे हरणाला तो रंग म्हणे दिसतच नाही. मी कल्याणच्या बाजारातून एक आणलं आणि सवय व्हावी म्हणून ते घालून सकाळी चालायला निघालो. कोपऱ्यावर हौसाबाईंनी अडवलं. त्या मागच्या चाळीत राहतात, कोथिंबीर विकतात, आणि त्यांना हरणापेक्षा बरंच चांगलं दिसतं. म्हणाल्या, बरं झालं आलात, आमच्या दारातलं गटार किती दिस तुंबलंय, कोण बघत नाय! आता मी साफसफाईचा माणूस नाही, हे सांगायला किती वेळ लागतो? पण त्यांनी इतक्या आशेने हाताला धरून नेलं, की मी एक काठी शोधली आणि त्या गटारातून दोन पिशव्या, एक चप्पल आणि अख्खी उशी बाहेर काढली. पाणी धो धो वाहिलं. तेव्हापासून आमच्या भागात माझी फार वट आहे. काल एक गृहस्थ मेलेल्या घुशीची तक्रार घेऊन घरी आले होते. जाकीट मी कपाटात ठेवलं आहे.

तिसरा धडा निश्चल बसण्याचा. हा मात्र मला जमेल, अशी खातरी होती. केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये मी हयात काढली. वॉल्टरच्या बैठकीचा सराव व्हावा म्हणून आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर शिडी लावून चढलो आणि फांदीला टेकून बसलो. पानांच्या रंगाचा शर्ट, तोंडाला हिरवा रुमाल. श्वासदेखील हळू. मोबाइलवाला म्हणतो, हालचाल केली नाहीत तर सावज आपण होऊन तुमच्याखाली येतं. आणि आलं की रे! आमचे सेक्रेटरी जगनराव आणि खजिनदार सिगारेट ओढायला नेमके त्याच झाडाखाली आले. शिडी कुणीतरी विसरलंय असं म्हणून त्यांनी ती उचलून भिंतीकडे नेली. मग माझ्याबद्दलच बोलू लागले. श्रीनिवासराव आताशा बरे दिसत नाहीत, अंघोळ करत नाहीत, गटारात हात घालतात, वहिनींचं कसं होणार कोण जाणे. मी हाललो नाही. डास कानात शिरला, तरी हाललो नाही. शिकारीच्या दृष्टीने बघितलंस तर सराव शंभर टक्के यशस्वी झाला. फक्त तोवर उजव्या पायाला एवढ्या मुंग्या आल्या की तो माझा राहिलाच नाही, आणि शिडी नसल्यामुळे मला वरून "जगनराव, जरा हात द्या" अशी हाक मारावी लागली. जगनरावांच्या हातातली सिगारेट खजिनदारांच्या सदऱ्यावर पडली. आंब्यावरून माणसांनी उतरवून घ्यायची घराण्याची परंपरा मी राखली, एवढंच समाधान.

राहता राहिली बंदूक. टिटवाळ्याच्या देवळाजवळ फुगे फोडायचा ठेला लागतो, तिथे मी देवदर्शनाच्या निमित्ताने गेलो. हिला बरोबर नेणं भाग पडलं, कारण दर्शन हे निमित्त होतं. माझ्या हातून एकही फुगा फुटला नाही. एक छर्रा तर पलीकडच्या प्रसादाच्या दुकानाच्या पाटीला लागला. मग ही म्हणाली, बघू, आणि पर्स माझ्या हातात देऊन तिने लागोपाठ सगळी रांग फोडली! ठेलेवाल्याने तिला प्लास्टिकचा कंगवा बक्षीस दिला. तेव्हापासून काही बिनसलं की ती मला कंगवा दाखवते.

इथपर्यंत सगळं हसून न्यायचं. पण परवा मोबाइलवर शेवटचा धडा लागला, नेम कुठे धरायचा याचा. पुढच्या पायामागे, खांद्याच्या जरा खाली. चित्रातलं हरीण आडवं उभं होतं आणि मान वळवून माझ्याकडेच बघत होतं. दादा, मी फोन पालथा ठेवला. मी आयुष्यात उंदीर मारलेला नाही रे. पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा मी आंबिवलीच्या पुढे माळावर नेऊन सोडतो, आणि तोही परत येऊ नये म्हणून नव्हे, तर त्याला तिथे जरा मोकळं वाटावं म्हणून. हरणाने माझं काय घोडं मारलंय? माझ्या नावाची सोडत निघाली, हा त्याचा गुन्हा? मला झोप लागत नाही. भीती वाटते, लाज वाटते, आणि वॉल्टरचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

असो. देव बघून घेईल. सोबत पिशवीत हिने दळून आणलेली चकलीची भाजणी आहे. आमचे शेजारी पंढरी कोलशेतला कामाला जातात, ते आणून देतील. पाकिटाला डिंक मिळाला नाही म्हणून भाताच्या शिताने चिकटवतो आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीनिवास

ता. क. दादा, खरं काम लिहायचं राहिलं. मला एक सुतक दे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडेल असं, चांगलं दहा दिवसांचं. वॉल्टरना सुतक ठाऊक आहे आणि ते मानतात. घरातला वडीलधारा म्हणून तू दोन ओळी लिहून पाठवल्यास की मी सुटलो, त्यांचा मानही राहिला आणि हरीणही. कुणी नव्याने जावं असं माझं म्हणणं नाही, गैरसमज नसावा. विष्णूकाका चालतील. ते गेल्याला पुष्कळ वर्षं झाली, पण हे माँटानात कुणाला माहीत आहे?

ता. क. २. हे प्रमोदिनीला कळता कामा नये.

दादा भावजींना सौ. प्रमोदिनीचा नमस्कार. शितावरून भाताची परीक्षा करतात, मी पाकिटाची केली. नुसतं बोट लावलं तर उघडलं. पिशवी मीच भरते, हे यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

विष्णूकाका एकदा गेले तेवढं पुरे. सुतक पाठवू नका, तिकिटं काढून झाली आहेत आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. आमच्या विहीणबाई कॅरल आणि मी दर रविवारी बोलतो, थोडं इंग्रजीत, थोडं हातवारे करून. गेल्या रविवारी ती रडवेली झाली होती. व्याह्यांनी बंदूक कधीचीच माळ्यावर टाकलेली होती. शेवटचं हरीण पडलं तेव्हा ते जीव जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलं, त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. पंगतीत "या शिकारीला" म्हणाले ते तोंडदेखलंच होतं. तोंडदेखलं बोलायची रीत तिकडेही आहे, हे मला नव्हतं माहीत. पण हे "नक्की" म्हणाले, आणि वाघ मारणाऱ्या घराण्यातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून ते बिचारे तिकडे रोज डबे मांडून रिकाम्या बंदुकीने नेम धरतायत. झोप त्यांनाही नाही.

आम्ही दोघींनी ठरवलंय, दोघांनाही काही सांगायचं नाही. सांगितलं तर लाजेने एकमेकांना तोंड दाखवणार नाहीत, आणि बैठक इतकी प्रेमाने ठोकली आहे ती रिकामी राहील. बसू देत दोघांना झाडावर. काडतुसं नाहीत हे वर गेल्यावर कळेल, मग दोघं मोठमोठ्याने हळहळतील आणि डबा खाऊन खाली उतरतील. उंदराचं यांनी खरं लिहिलंय हो. माळावर सोडायला निघाले की पिशवीत पोळीचा तुकडा मीच घालून देते.

काडतुसं कॅरलने मी गणपतीत पाठवलेल्या भाजणीच्या डब्यात पुरून ठेवली आहेत. त्या डब्यात तिकडे कुणी हात घालत नाही. तुमच्या पिशवीत मात्र नुसती भाजणीच आहे, वहिनींना म्हणावं, निर्धास्तपणे चकल्या करा.